दोन बोटांची फट

इतवारीत, लोहाओळीत विचारलं, डॅम्पर मिळेल का?
दुकानदार म्हणाला, डंपर? गिट्टीचा का कोळशाचा?
दिवसाचा किराया सांगू?
मी हवेत हातानं एक नळकांडं काढलं,
त्याच्या गळ्यात तळहात आडवा धरला,
उघडला, मिटला.
हाव, तो म्हणाला, झडप म्हणा ना मंग.

झडप.
छावणीतल्या ह्या घरात भिंतीतली शेकोटी आहे
कुण्या रेल्वेच्या साहेबानं बांधलेली,
आणि तिच्यावर उघडं धुराडं,
ज्यातून दुपारी रुपयाएवढं ऊन राखेवर पडतं.

दोन प्रकार होते.
एक बिडाची, गळ्यात बसणारी,
दांडा ओढला की करकरून उठणारी.
दुसरी माथ्यावरची, धुराड्याला टोपी,
कडेला रबर, खाली लोंबती साखळी,
मिटली की मुंगी शिरणार नाही.

मी हिशेब केला.
नागपुरात शेकोटीच्या रात्री मोजून वीस,
पारा आठावर, बाभळीचं एखादं लाकूड.
बाकी सगळं वर्ष झडप मिटलेलीच.
म्हणजे मी आग निवडतच नव्हते,
निवडत होते नवतपा:
शेहेचाळीस अंशांची लू,
थंड राख उठवून पलंगपोसावर आणून टाकणारी,
सोबत पारव्याची पिसं, गवताच्या काड्या,
एकदा तर अख्खं अंडं, न फुटलेलं.
टोपीवाली द्या, म्हटलं. गच्च बसणारी.

माप घ्यायला डोमाजी मिस्त्री आला.
टेप नव्हता. सुतळी होती.
खांद्यापर्यंत हात धुराड्यात घातला,
डोळे मिटले,
डॉक्टर पोट दाबून पाहतो तसं
आतल्या विटा दाबून पाहिल्या.
लांबीला एक गाठ. रुंदीला एक.

तिसरी गाठ मारता मारता बोलला:
पचमढीले बाप कामाले होता, मी पोरगा.
पाहुन्यानं रात्री झडप लावून घेतली.
आग विझली वाटली त्याले, ऊब जाऊ नये म्हनून.
धूर नव्हता बाई.
धूर असता तर खोकला आला असता,
जागा झाला असता.
सकाळी मी च्या घेऊन गेलो.

एवढंच.
पुढचं त्यानं सुतळीत बांधलं
आणि गाठ दातांनी ओढली.

बिडाचीच घ्या, म्हणाला. मी तिले कापतो.
किती?
त्यानं दोन बोटं दाखवली, काळी, जोडलेली.
टोपीले नाही कापता येत, रबर फाटते.
म्हटलं, मी आठवणीनं उघडी ठेवेन,
साखळीला लाल चिंधी बांधेन.
तो हसला नाही.
मानूस विसरते बाई. फट नाही विसरत.
आणि लू?
लू येईन. शिव्या देजा तिले.

अख्खी दुपार व्हरांड्यात करवत चालली.
बीड कापताना ठिणगी उडत नाही,
नुसता राखी भुगा पडतो
पेन्सिल तासल्यासारखा.
पेपरावर साचलेला तो भुगा
त्यानं पुडी बांधून सोबत नेला, का ते विचारलं नाही.
पैसे झडपेचे घेतले,
फटीचे घेतले नाहीत.

जानेवारीत त्या फटीतून
निखाऱ्यांचा श्वास वर जातो. दिसत नाही.
मी दांडा ओढते, दिवा मालवते,
आणि झोपायच्या आधी एकदा हात वर घालून
दोन बोटं तिथे घालून पाहते.

मे महिन्यात तीच फट शिटी वाजवते,
राख उठते, पाण्याच्या भांड्यावर साय धरावी तशी धरते,
आणि मी डोमाजीनं सांगितल्याप्रमाणे
मोठ्यांदा, दारं लावून, शिव्या देते.

परवा भाची आली, ऋजुता. तिनं ऐकलं सगळं,
संध्याकाळी सदरहून फोमचा तुकडा आणला,
अगदी मापाचा, रंगसुद्धा बिडाचा.
आत्या, आता बघ, काही येणार नाही.

छान आहे गं, म्हटलं.
जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड होता.
तिथे तो नेमका बसला.